डाव्या पंखाचे पत्रे

आमच्या मास्तरांनी आयुष्यात एकाही वर्गात शिकवलेलं नाही. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात ते चाळीस वर्षं पत्र्याचं काम करत होते. वाकडा पत्रा त्यांच्या हाताखालून सरळ होऊनच जायचा, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. मीही मास्तरच म्हणते. एरवी ‘अहो’, आणि राग आला की ‘अहो मास्तर’. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा तरी ते मास्तर होतातच.

नोकरी संपली तसे ते घरात मावेनात. आमच्या बिजागऱ्या दुरुस्त करून झाल्या, नळ झाले, शेजाऱ्यांची फाटकंसुद्धा झाली. मग एका रविवारी आमची लेक नकाशांचा जाडजूड गठ्ठा घेऊन आली. ती गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर नवशिक्यांना विमान चालवायला शिकवते. “बाबा, दोन माणसांचं विमान आहे. लोक घरी बांधतात हे. तुम्ही बांधा, मी उडवते,” म्हणाली.

झालं! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, “अहो, बस रस्त्यात बंद पडली तर माणसं उतरून ढकलतात. हे वर बंद पडलं तर कोण उतरणार ढकलायला?” मास्तर गठ्ठ्यातून डोकं वर न काढता म्हणाले, “तू उतर. तुझ्या आवाजाने चालू होईल.” बापलेक दोघं हसले. मी चहा ठेवायला आत गेले, आणि बाहेर येईपर्यंत गॅरेजमधली जुनी कपाटं अंगणात आली होती.

त्या गॅरेजमध्ये खिडकीपाशी माझं शिवणयंत्र होतं. बाजारात माझं शिवणाचं दुकान होतं, तेवीस वर्षं चाललं. मग रेडीमेड कपडे आले आणि लोक माझ्याकडे फक्त पँटी आखूड करायला येऊ लागले. दुकान बंद केलं त्या दिवशी मी रडले, आणि मास्तर माझ्यापेक्षा जास्त चिडले. “यंत्राने कापलेले कपडे यंत्रानेच घालावेत,” असं तावातावाने म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी कधी विकतचा शर्ट अंगाला लावला नाही. अजूनही मी शिवते तेच घालतात.

तेव्हा विमानाचंही तेच. कंपनीकडून पंखांचे पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून तयार मिळत होते. लेक म्हणाली, “बाबा, तेवढे मागवून घ्या. वर्षभराचं काम वाचेल.” मास्तरांनी नाक मुरडलं. “मग बांधलं कोणी? मी, का कंपनीने?” कोरे पत्रे आणले. पंखाच्या आतल्या फासळ्या लाकडी साच्यावर एकेक ठोकून काढल्या. त्यावर पत्रा चढवायचा, आणि दोन्हींतून आरपार भोकं पाडून रिव्हेट, म्हणजे बिनआट्यांचे खिळे, ठोकायचे. एका पंखाला काही हजार रिव्हेट. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

रिव्हेट एकट्याने ठोकता येत नाही. बाहेरून एकाने हवेची हातोडी चालवायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. आतला हात बारीक लागतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खांद्यापर्यंत हात पंखात घालून मी तासन् तास बसायचे. कानात बोळे, त्यामुळे बोलायची सोय नाही. “एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तू गप्प बसलीस,” असं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

एक वहीसुद्धा होती. घरी बांधलेल्या विमानाला ती लागतेच. रोज काय केलं, कोणी केलं, ते लिहून सही करायची. विमान पहिल्यांदा जो उडवणार त्याने ती वाचून शेवटी सही करायची, तेव्हाच ते जमीन सोडणार. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं नाही, पण त्यांनी एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप होता त्या दिवशीसुद्धा ‘आज काम नाही’ असं लिहून खाली सही केली आहे.

पाच वर्षं गेली. धड झालं, शेपूट झालं, डावा पंख झाला. उजव्या पंखाला एका बाजूने पत्रा लागला होता, दुसरी बाजू उघडी होती. पंख बंद करायच्या आधी तपासनिसाने आतून बघायचं असतं. डाव्याच्या वेळी त्यांना बोलावलं होतं, पण ते येतो येतो म्हणत महिनाभर आले नाहीत, आणि मास्तरांना कुठे धीर? त्यांनी बंद करून टाकला. शेवटी एका गुरुवारी तपासनीस उगवले. माझ्याच वयाचे गृहस्थ, बूट दारात काढून आत आले. डावा बंद बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “हा कशाला बंद केलात मी यायच्या आधी?”

“तुमची वाट बघून आमचे डोळे मिटायला आले,” मी म्हटलं. मास्तरांनी माझ्याकडे रागाने बघितलं.

तपासनिसांनी आधी वही वाचली. मग उजव्या पंखाच्या उघड्या बाजूने आत हात घातला आणि पत्र्यावरून नख फिरवलं. मध्येच हात थांबला. परत फिरवला. मग म्हणाले, “मास्तर, ही रेघ कशाने मारलीत?”

पत्र्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे आखणीची एक सुई असते. पोलादी, टोकदार, पेनासारखी धरायची. कुठे वाकवायचं, कुठे भोक पाडायचं, ते त्या सुईने पत्र्यावर ओरखडून ठेवायचं. बसच्या पत्र्यावर सगळे असंच करतात, आणि वरून रंग बसला की ती रेघ कोणाला दिसत नाही. मास्तरांच्या वरच्या खिशात ती सुई मी लग्नापासून बघत आले आहे. मी शिवलेले निम्मे शर्ट तिनेच फाडले.

“सुईने,” मास्तर म्हणाले.

तपासनिसांनी हात बाहेर काढला आणि रुमालाने पुसत राहिले. बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं हे मला दिसत होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. बसचा पत्रा रस्त्यावर असतो, त्याच्या ओरखड्याने काही बिघडत नाही. पंखाचा पत्रा उडताना दर क्षणाला वरखाली ताणला जातो. सुईच्या रेघेवर तो आधी बारीक तडकतो, मग ती चीर रेघेरेघेने पुढे जाते. पत्रा शंभर तासांनी फाटेल, नाहीतर हजार तासांनी, पण वर असताना फाटेल. नकाशासोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय की आखायचं ते मऊ पेनाने. “वाचलं नाहीत का?”

मास्तरांनी ते पान वाचलेलं नव्हतं. पत्र्याचं काम कसं करायचं ते पुस्तकात काय वाचायचं, असं त्यांना वाटलं होतं. चाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? त्यांचा चेहरा पार उतरला. म्हणाले, “काढतो हे पत्रे. नवीन करतो.”

“आणि तो?” तपासनिसांनी डाव्या पंखाकडे बोट केलं. त्याच्या तपासणीच्या छोट्या झाकणातून त्यांनी बॅटरी मारून बघितलं. रिव्हेट दिसले, फासळ्या दिसल्या, सगळं नीटनेटकं. रेघ काही त्या भोकातून दिसण्यासारखी नव्हती. “त्यालाही सुईच वापरलीत?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “तो पेनने आखलाय.”

मी ठोकळा हातात घेऊन उभी होते. डावा पंख आखताना पत्र्याचं दुसरं टोक मीच धरलं होतं. सुईचा तो किर्र आवाज मला दातांत जाणवायचा. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. आणि मी, जिचं तोंड सासूला बंद करता आलं नाही, दुकानाच्या जागेच्या मालकाला आलं नाही, ती मी मूग गिळून उभी राहिले. तपासनिसांनी वहीत ‘उजव्या पंखाचे पत्रे बदलावेत’ असं लिहिलं, बूट घातले आणि गेले.

त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो, भांडी घासली, टीव्ही लावला. त्यावर एक अक्षर नाही. मी स्वतःची समजूत घालत होते. डाव्याच्या रेघा कदाचित हलक्या असतील. माणसाने पाच वर्षं घातलीत, एकदम दोन्ही पंख काढून घेतले तर हा माणूस उठायचा नाही. दोन दिवस जाऊ देत, मग बोलू. असं मनाला सांगत मी एकेक दिवस पुढे ढकलला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती लेकीच्या जिवाची नाही, यांच्या चेहऱ्याची.

रविवारी लेक आली. उजव्या पंखाचं ऐकून हळहळली. मग चहाचा कप घेऊन डाव्या पंखाला टेकली, त्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाली, “हा तरी वाचला. चालवणारा डाव्या बाजूलाच बसतो, म्हणजे माझ्या बाजूचा पंख झाला.” मास्तर साच्यावर वाकून काहीतरी शोधत राहिले, तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं, “अजून चहा देऊ?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

त्या आठवड्यात मास्तर उजव्या पंखाचे पत्रे नव्याने करायला बसले. बाजारातून मऊ काळी पेनं आणली, डझनभर. सुई खिशातून काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली. पहिला पत्रा पेनने आखला, कापला. शनिवारी सकाळी दुसरा पत्रा टेबलावर घेतला. मी खिडकीशी बसून त्यांच्याच शर्टाची बटणं लावत होते. आणि मला तो आवाज ऐकू आला. किर्र.

मी वर बघितलं. मास्तर पत्र्यावर वाकले होते, डोळा पट्टीवर, आणि हातात सुई. पेन कानावर तसंच होतं. डब्यातून सुई कधी काढली, रेघ कधी मारली, त्यांना पत्ता नव्हता. हातभर रेघ झाल्यावर त्यांचं त्यांनाच दिसलं. ते ताठ उभे राहिले. सुईकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मग पहिला पत्रा ओढून उजेडात धरला. पेनच्या ओळीखाली तिथेही दोन ठिकाणी ओरखडा होता.

“अगं,” ते म्हणाले, “हे मला कळलंसुद्धा नाही.”

मी शर्ट खाली ठेवला.

“डाव्यात किती रेघा असतील?”

“सगळ्या,” मी म्हटलं. “सगळ्या आहेत, अहो. पत्रा मी धरला होता.”

ते स्टुलावर बसले. हुंदका वगैरे नाही, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसतही नव्हते. लग्नानंतर त्यांना असं मी दुसऱ्यांदाच बघत होते. “पोरीला त्यात बसवणार होतो मी,” म्हणाले. “तोंडाने नाही म्हटलं, आणि बसवणार होतो.” मी जवळ जाऊन उभी राहिले. हात कुठे ठेवावा ते मला कळेना. शेवटी खांद्यावर ठेवला. थोड्या वेळाने ते उठले, ड्रिल घेतलं, आणि डाव्या पंखाच्या पहिल्या रिव्हेटचं डोकं उडवलं.

उसवण्याचं काम मला ठाऊक आहे, शिवण्यापेक्षा जास्त वेळ खातं. डावा पंख उसवायला आम्हाला तीन आठवडे लागले. एकेक रिव्हेट ड्रिलने कोरायचा, मागून ठोकून पाडायचा. पत्रे निघाले, तसे आम्ही ते अंगणात उन्हात उलटे ठेवले. आतल्या बाजूने रेघाच रेघा होत्या. दोन ठिकाणी, जिथे पुढच्या कडेला पत्रा वळवला होता, तिथे रेघेवर केसाएवढी चीर पडलेली होती. विमान अजून हललंसुद्धा नव्हतं. मास्तर ती चीर बोटाने चाचपत उन्हात बराच वेळ उभे राहिले. मला उभं राहवलं नाही, मी आत गेले.

आता पुढे काय? मी म्हटलं, “मी आखते. मला खडूची सवय, पेनची सवय. सुई मी हातात धरणार नाही.”

“आखशील तू. पण कापणार मी, वळवणार मी, भोकं पाडणार मी. त्यात हात काय करेल ते मला सांगता येत नाही आता.” मग म्हणाले, “आणि काय केलं ते तोंड खरं सांगेल, याचीही खात्री नाही.”

मग मीच म्हटलं, “मागवा. रेडीमेड मागवा.” तो शब्द माझ्या तोंडून निघताना मला जड गेला, आणि ऐकताना त्यांना. त्यांनी मान हलवली.

दोन महिन्यांनी खोकी आली. लांबच लांब, आत पातळ निळ्या कागदात गुंडाळलेले पत्रे. कडा गुळगुळीत, पुढची कड बरोबर गोलाईत वळवलेली, भोकांच्या रांगा सरळ. जुन्या फासळ्यांची भोकं या पत्र्यांशी जुळणार नव्हती, म्हणून दोन्ही पंखांच्या फासळ्या मास्तरांनी आधीच साच्यावर पुन्हा ठोकून ठेवल्या होत्या, तिथे आखणी लागत नाही. त्यांच्या मधोमध पेनने रेघ मी मारली. पत्रा वर ठेवला आणि पहिल्या भोकातून बघितलं. माझी काळी रेघ भोकाच्या मधोमध होती. दुसऱ्यातून बघितलं, तिसऱ्यातून, शेवटच्यातून. सगळीकडे मधोमध. मास्तरांनी तयारी ठेवली होती ती सगळी अवजारं, पत्रा ताणायची, दाबायची, ठोकायची, टेबलावर तशीच पडून राहिली.

“बसला की,” मी म्हटलं.

“बसला,” म्हणाले. “मला तीन दिवस लागायचे ह्याला.” त्यांना वाईट वाटत होतं, भरपूर वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, “ठोकळा घे.” दोन्ही पंख सात महिन्यांत बंद झाले, आणि या वेळी तपासनिसांनी दोन्ही आतून बघितल्यावरच. त्यासाठी ते पहिल्यांदा आले तेव्हा मास्तरांनी त्यांना अंगणातले जुने पत्रे नेऊन दाखवले आणि म्हणाले, “हे डाव्याचे. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.” तपासनीस त्या चिरांकडे बघत राहिले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “वहीत लिहा.”

लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डाव्याचेही पत्रे बदलले, दोन्ही सारखे असलेले बरे म्हणून, एवढंच तिला सांगितलं होतं. सांगितलं होतं मीच.

विमान ट्रकवर घालून विमानतळावर नेलं. तिथल्या शेडमध्ये पंख जोडले, वजन झालं, इंजिन सुरू करून बघितलं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी सकाळी लेक वही घेऊन शेडच्या पायरीवर बसली. पाच-सहा वर्षांची पानं, एकेक उलटत होती. मध्येच ‘आई, हे बघ’ म्हणून हसत होती. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मी लिहिलंय ते. खोटं बोललो ते. त्या गुरुवारच्या तारखेखाली.”

“आणि माझं?”

“तुझं काय? विचारलं मला होतं.”

मी लेकीकडे गेले. “दे जरा,” म्हटलं, आणि तिच्या हातातून वही घेतली. ती अजून त्या पानापर्यंत पोचली नव्हती. मी पान काढलं. मास्तरांनी चार ओळींत लिहिलं होतं, काही झाकलं नव्हतं, आणि त्यात माझा उल्लेख नव्हता. इतक्या वर्षांत मी त्या वहीत एकदाही लिहिलेलं नव्हतं. तिच्या खिशातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘डाव्या पंखाचा पत्रा मी धरला होता. मला माहीत होतं. मी नऊ दिवस गप्प बसले. मधल्या रविवारी लेक आली होती तेव्हाही.’ सही केली. सही वाकडी आली. वही तिच्या मांडीवर उघडी ठेवली.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मी त्या पंखाला टेकून चहा प्यायले होते.”

“हो.”

“तू दिला होतास.”

“हो, बाळा.”

ती उठली. वही मिटून पायरीवर ठेवली, सही न करता. शेडमधून पाना, आरसा आणि बॅटरी आणली आणि पंखाखाली उताणी झोपून पहिलं झाकण उघडलं. आतापर्यंत तिने आमचं काम कधी तपासलं नव्हतं. बाबांनी केलंय म्हटलं की तिला पुरायचं. आता ती एकेक झाकण उघडून आत आरसा घालत होती, एकेक रिव्हेट बघत होती, आणि आमच्याशी एक शब्द बोलत नव्हती. उजवा पंख झाला, दुपार झाली. मास्तर आणि मी बाकावर बसून होतो. मी डबा उघडला, कोणी हात लावला नाही. मला वाटलं, उठावं आणि म्हणावं, अगं, आता सगळं ठीक आहे, किती बघशील! पण ते म्हणायचा हक्क मी घालवून बसले होते.

“बघू दे तिला,” मास्तर म्हणाले. “नीट बघू दे.”

डाव्या पंखाच्या शेवटच्या झाकणाशी तिला एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून आतलं दिसेना. दोन-तीनदा तिने मान वाकडी करून पाहिलं. मग पंखाखालून, आमच्याकडे न बघता तिचा आवाज आला, “आई, बॅटरी धर इकडे. हलवू नकोस.”

मी गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले.